फणी

आंधळगावच्या दुर्पताबाई हेडाऊ,
वय एकाहत्तर, वजन एकेचाळीस किलो,
दवाखान्याची पायरी जन्मात चढल्या नव्हत्या.
हे त्यांनी तोऱ्यात सांगितलं
आणि मी केसपेपरवर तसंच उतरवलं:
पूर्वीचा आजार, काही नाही.

रविवारी दुपारी मागावर असताना दुखलं,
छातीत नाही, जबड्यात.
"दात असन," म्हणाल्या.
दाढेखाली लवंग धरली
आणि करवतकाठीची उरलेली वीत विणून काढली,
नग सोमवारी द्यायचा होता म्हणून.
रात्री ओकारी झाली. नाक्यावरच्या पोरानं
सुजेच्या गोळ्या दिल्या, त्याही घेतल्या.
आमच्याकडे आल्या तेव्हा
दुखण्याला बावीस तास झालेले.
गुठळी विरघळवायचं औषध फ्रिजमध्ये होतं.
डॉक्टर गणवीर कुपी हातात घेऊन
बराच वेळ उभा राहिला, मग परत ठेवून आला.
भंडाऱ्याला चला म्हटलं, तर म्हणाल्या,
"तिथं माह्यासंगं कोन बसन?"

गणवीर माझ्याहून अठरा वर्षांनी लहान.
रात्री मला म्हणाला,
मेलेलं मांस लगेच फाटत नाही, सिस्टर.
आधी मऊ पडतं. तीन दिवस, चार दिवस.
शरीर जुनं उचलायला लागतं
आणि नवं भरायच्या आत तिथं पातळ होतं.
मी कोष्ट्याची पोर. मला सांगायला नको.
खळ सुटलेला ओला कोसा
ओढायचा नसतो.

"पण यांना तर कधीच काही झालं नव्हतं."
"म्हणूनच," तो म्हणाला.
चढ चढताना ज्याची छाती वर्षानुवर्षं दुखते
त्याचं रक्त आडवाटा पाडून ठेवतं,
पाट बुजला तरी
शेजारच्या बांधीतून पाणी झिरपतं तसं.
यांचं रक्त आयुष्यभर एकाच वाटेनं गेलं.
पहिलाच झटका. अंग सडपातळ.
रक्तदाब चढा, कुणी कधी न मोजलेला.
त्यात बाईची जात, सोसून नेलेलं,
बसून न राहणारं.
तो जोखीम सांगत होता
आणि मला वाटत होतं
माझ्या आईचं कौतुक चाललंय.

गुरुवारी त्या छान होत्या.
चहात बिस्कीट बुडवून खाल्लं.
पलीकडच्या खाटेवरच्या सुनेला सांगितलं,
तुह्या लुगड्याचा काठ मशीनचा आहे.
मग मला: "चांगली आहो न मी आता?
मले फनी दे ओ. केस पिंजारले."
आमच्यात फण्या दोन.
एक केसांची. एक मागाची,
जी प्रत्येक धागा दुसऱ्यापासून वेगळा धरते
आणि आडवा आला की ठोकून जागी बसवते.
कोणती हवी, म्हणून मी हसले
आणि आत गेले.

खाटेखालची पिशवी त्यांनीच ओढली असावी.
उतरायचं नाही, हे मी चारदा बजावलं होतं
अशा बाईला, जिनं तांब्याभर पाणी
कुणाच्या हातून मागितलं नव्हतं.

परत आले तर पडद्यावर
लाटा रांगेनं येत होत्या, एकामागून एक,
बिनचूक.
मनगटात काही नव्हतं.
मानेच्या शिरा दोरीसारख्या.
गणवीर छाती दाबत होता
आणि मला त्याचे हात धरावेसे वाटले,
फाटक्यावर नको रे दाबू.
पडदा आणखी सात मिनिटं विणत राहिला
खाली ताणा नसताना.

फॉर्मवर जोखमीच्या कारणांना दोन बोटं जागा असते.
वय. स्त्री. उशीर. एवढं मावलं.
ती वीत मावली नाही.
फणी माझ्या खणात आहे. दातांत एकही केस नाही.

आता कुणी लवंगेचा वास घेऊन आली
की मी विचारत बसत नाही,
झोपवते, पदर बाजूला करते, वायरी चिकटवते.
बाया हसतात.
"दात दुखते ओ बाई," म्हणतात,
"छातीले कायले लावता?"